अंगात रक्तच नाही, तर गाठ कशाची झाली? : लातूर जिल्ह्यातली एक केस

आधीच सांगतो, पेशंटचं नाव, गाव, घरातली थोडी माहिती बदलली आहे. त्यांना विचारूनच लिहितोय. मी तालुक्याच्या गावात सोळा वर्षं क्लिनिक चालवतोय, आणि या केसमध्ये दोन-तीन ठिकाणी चुकलेला माणूस मीच आहे त्यामुळे दुसऱ्या कुणावर बोट दाखवायला हे लिहिलेलं नाही.

पार्श्वभूमी

मंगलताई म्हणू. वय ३७, वजन ५१ किलो, तीन लेकरं, घरची चार एकर कोरडवाहू आणि खुरपणीच्या दिवसात दुसऱ्याच्या रानात रोजंदारी. घर माळकरी, म्हणजे अंडं-मटण काही नाही. पाळी गेली तीन-चार वर्षं सात-आठ दिवस चालायची, गाठी पडायच्या, पहिल्या दोन दिवसात दर दोन तासाला कापड बदलावं लागायचं. हे सगळं मला नंतर कळलं, कारण मी विचारलं नव्हतं. त्या जूनमध्ये आल्या तेव्हा तक्रार एवढीच होती की "दम लागायलाय, पायात गोळे यायलेत, निस्तं पडून राहावं वाटतंय."

डोळ्याची खालची पापणी ओढून बघितली तर पांढरीफटक. रक्त तपासायला पाठवलं. हिमोग्लोबिन ६.३. पेशींचा आकार सांगणारा आकडा, एमसीव्ही, ५८ (साधारण ८० च्या पुढं पाहिजे). आणि प्लेटलेट ६ लाख ८० हजार. आता हा शेवटचा आकडा नीट बघा, कारण मी तो नीट बघितला नाही. आपल्याकडं डेंग्यूमुळं सगळ्यांना प्लेटलेट कमी झाल्याची भीती असते, जास्त असल्या की डॉक्टरपण खुश होतो. मी तर चक्क म्हणालो, "प्लेटलेट भरपूर आहेत, काही काळजी नाही."

लोहाच्या गोळ्या दिल्या, पाळीसाठी सोनोग्राफी करून या म्हणालो, चहा जेवणासोबत नको म्हणालो. गोळ्या त्यांनी बारा दिवस खाल्ल्या. मळमळ, काळी शी, त्यात सोयाबीनची खुरपणी सुरू. सोडल्या. सोनोग्राफीला लातूरला जायचं म्हणजे एक दिवसाची रोजी बुडते, ते राहिलंच. मी पण पाठपुरावा केला नाही, खरं सांगायचं तर विसरलोच.

काय झालं

भाद्रपदात महालक्ष्म्या. आपल्याकडं हा सण काय असतो ते सांगायला नको, आवाहन, पूजन, विसर्जन, सोळा भाज्या, पुरण, आंबील, आणि सगळं सोवळ्यात. मंगलताईंच्या घरी महालक्ष्म्या बसतात आणि मोठी सून म्हणून नैवेद्य त्यांच्याच हातचा. पाळीची तारीख नेमकी त्याच आठवड्यात येत होती. मग जे घरोघरी होतं तेच झालं, मेडिकलवरून पाळी पुढं ढकलायच्या गोळ्या आणल्या, नॉरइथिस्टेरॉन, ५ मिलीग्रॅमची एक, दिवसातून तीन. तारखेचा भरवसा नाही म्हणून आधीच चालू केल्या आणि अकरा दिवस खाल्ल्या. पूजनाच्या दिवशी कडक उपवास, संध्याकाळपर्यंत पाणीसुद्धा नावाला, चुलीपुढं बसून पुरणाचा स्वयंपाक, वर भादव्यातलं ऊन.

डोकं दुखायला त्याच रात्री सुरुवात झाली. तिसऱ्या दिवशी माझ्याकडं आल्या. "डोस्कं फुटायलंय बगा सायब, आडवं झालं की जास्तच." मी ऐकलं जागरण, उपवास, पित्त. सणानंतरच्या आठवड्यात माझ्याकडं रोज दहा बायका पित्ताचं डोकं घेऊन येतात. इंजेक्शन दिलं, पित्ताची गोळी दिली. दोन दिवसांनी परत आल्या, पहाटे उलट्या होत होत्या, मी अर्धशिशीची गोळी लिहून दिली. बीपी ११०/७०. दोन्ही वेळा मी एक प्रश्न विचारला नाही: ताई, मधी कुठल्या गोळ्या खाल्ल्या का? आणि "आडवं झालं की जास्त" हे वाक्य माझ्या कानावरून गेलं. अर्धशिशीचा माणूस अंधारात आडवा पडायला बघतो, त्याला आडवं पडून बरं वाटतं. आडवं पडल्यावर आणि पहाटे वाढणारी डोकेदुखी म्हणजे कवटीच्या आत दाब वाढलाय का हे बघावं लागतं, हे मला परीक्षेत विचारलं असतं तर मी पाठ म्हणून दाखवलं असतं.

सहाव्या दिवशी पहाटे पाचला फिट आली. आधी उजवा हात उडायला लागला, मग सगळं अंग. नवरा आणि दीर गाडी करून थेट लातूरला घेऊन गेले, वाटेत मला फोन केला.

निदान कसं झालं

लातूरच्या खासगी हॉस्पिटलात पहिला सीटी स्कॅन झाला तेव्हा मेंदूच्या डाव्या बाजूला थोडा रक्तस्राव दिसला. कॅज्युअल्टीतल्या डॉक्टरांनी नातेवाइकांना सांगितलं, ब्रेन हॅमरेज. आता ३७ वर्षांची बाई, बीपी नॉर्मल, मार नाही, हॅमरेज का होईल? हा प्रश्न रेडिओलॉजिस्टला पडला म्हणून पुढचं वाचलं. त्यांच्या म्हणण्यानुसार तो डाग धमनीच्या हद्दीत बसत नव्हता आणि कवटीच्या मधोमध मागं जाणारी जी मोठी शीर असते ती जरा जास्तच पांढरी दिसत होती. त्यांनी स्वतः न्यूरोलॉजिस्टला फोन करून एमआरआय आणि सोबत शिरांची व्हेनोग्राफी करा म्हणून सांगितलं. त्यात दिसलं, मेंदूतलं रक्त परत खाली नेणाऱ्या मोठ्या शिरेत, म्हणजे सुपीरिअर सॅजिटल सायनसमध्ये, आणि डाव्या बाजूच्या ट्रान्सव्हर्स सायनसमध्ये गाठ. (सायनस म्हटल्यावर नवरा म्हणाला, "तिला सर्दी तर कधीच नसती." नाकाचं सायनस वेगळं, हे वेगळं, नाव मात्र एकच आहे, त्यात त्यांची चूक काय.)

दाखल होताना हिमोग्लोबिन ५.१, प्लेटलेट ७ लाख ४० हजार, फेरिटिन ३. फेरिटिन म्हणजे शरीरातल्या लोहाचं कोठार, आणि ३ म्हणजे कोठार झाडून काढलंय.

मी दुपारी लातूरला पोचलो तेव्हा नवरा जिन्यात बसला होता. त्यानं मला एकच विचारलं, "तुम्हीच म्हणाले ना सायब अंगात रक्त नाही म्हणून, मग रक्तच नाही तर गाठ कशाची झाली?" मला तेव्हा धड उत्तर देता आलं नाही. मनात मी पण तेच धरून चाललो होतो, की रक्त कमी म्हणजे रक्त पातळ, पातळ रक्ताची गाठ कशी होईल.

लोह कमी आणि गाठ, हे जुळतं कसं

हिमोग्लोबिन कमी म्हणजे रक्त पातळ होऊन गोठायचं बंद होतं असं नाही. गोठवणारं सामान वेगळं असतं, प्लेटलेट आणि प्लाझ्मातले घटक, ते शाबूत असतात. उलट लोह संपलं की अस्थिमज्जा प्लेटलेट जास्त बनवायला लागते, म्हणून ६-७ लाख. लाल पेशी बारीक आणि कडक होतात, आधीसारख्या लवचीक राहत नाहीत. हृदय कमी रक्तात काम भागवायला जोरात पंप करतं त्यामुळं प्रवाह खळखळाट करत जातो, आणि मेंदूच्या शिरांमध्ये मुळातच प्रवाह संथ. यात उपवासाचं कोरडेपण आणि ती गोळी. नॉरइथिस्टेरॉन मोठ्या डोसमध्ये घेतलं की त्यातला थोडा भाग शरीरात इस्ट्रोजेनसारख्या औषधात बदलतो, संततिनियमनाच्या गोळ्यांमध्ये असतं तेच, आणि त्याचं गाठीशी नातं जुनंच आहे.

मग अ‍ॅनिमियाच कारण का? माझं मत, एकटा नाही. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत (२०१९-२१) महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या ५४ टक्के बायकांना अ‍ॅनिमिया निघाला. एवढ्यानंच गाठ होत असती तर आपल्याकडं घरटी एक पेशंट असता. पण दुर्लक्ष करण्यासारखंही नाही. कॅनडात २००७ साली आलेल्या अभ्यासात, एरवी तब्येत चांगली असलेल्या लहान पोरांमध्ये, स्ट्रोक झालेल्यांत लोह कमी असल्यामुळं होणारा अ‍ॅनिमिया असण्याची शक्यता निरोगी पोरांपेक्षा दहापट निघाली होती. २०१४ मध्ये लंडनच्या इम्पीरिअल कॉलेजच्या गटानं रक्तवाहिन्यांच्या एका आनुवंशिक आजाराचे पेशंट बघितले, तिथं लोह कमी असलेल्यांत स्ट्रोकचा धोका साधारण दुप्पट दिसला आणि प्लेटलेट जास्त चिकट झाल्याचंही आढळलं. मंगलताईंच्या बाबतीत मी असं म्हणीन की सरपण जूनपासून रचलेलं होतं, काडी भाद्रपदात पडली.

पर्याय आणि निर्णय

पहिला आणि सगळ्यात अवघड निर्णय, रक्त पातळ करायचं इंजेक्शन द्यायचं का. मेंदूत रक्तस्राव दिसतोय, हिमोग्लोबिन ५.१, आणि गोळ्या बंद झाल्यामुळं पाळी येणार हे नक्की, म्हणजे तिकडूनही रक्त जाणार. अशा बाईला हेपरिन? दीर तर सरळ म्हणाला, "आधीच रक्त सांडायलंय अन् तुम्ही अजून पातळ करायला निघाले." न्यूरोलॉजिस्टनी त्याला जे समजावलं ते मी आता सगळ्यांना सांगतो: पाटाला खाली कुठं गाळ अडकला की पाणी मागं तुंबतं आणि वरच्या वाफ्याचा बांध फुटतो. फुटलेल्या बांधावर माती टाकून उपयोग नाही, खालचा गाळ काढावा लागतो. मेंदूतला तो डाग तुंबल्यामुळं फुटलेला बांध होता. १९९१ साली जर्मनीत फक्त वीस पेशंटवर झालेल्या चाचणीत हेपरिनवाल्या दहापैकी कुणी दगावलं नाही, नुसतं सलाईन मिळालेल्या दहापैकी तीन गेले, आणि हेपरिनवाल्यांत आधीच रक्तस्राव झालेलेही पेशंट होते. तेव्हापासून जगभर हेच करतात.

पण कुठलं हेपरिन यावर मात्र थोडी चर्चा झाली. पोटात टोचायचं, दिवसातून दोन वेळचं हेपरिन एरवी जास्त पसंत करतात. इथं पहिले दोन दिवस शिरेतून पंपावर साधं हेपरिन दिलं, कारण पाळीचा रक्तस्राव हाताबाहेर गेला तर पंप बंद केला की काही तासांत त्याचा असर जातो. तिसऱ्या दिवसापासून पोटातलं.

पाळी आली, दुसऱ्याच दिवशी आली आणि जोरात आली. आता रक्त थांबवायला आम्ही गावातले डॉक्टर सर्रास देतो ते औषध म्हणजे ट्रॅनेक्सामिक अ‍ॅसिड. ते गाठ विरघळू देत नाही, म्हणजे इथं बिलकुल चालत नाही. पाळी थांबवायची जुनी गोळी परत देता येत नाही. मग उरलं काय? एकेक करून रक्ताच्या दोन पिशव्या, हळूहळू, दोन दिवसांत. यावर पण मतभेद होता. नातेवाइकांना वाटत होतं चार-पाच पिशव्या चढवून एकदाच दहा करा. पण रक्त भराभर चढवलं की घट्टपणा वाढतो, हृदयावर ताण येतो, आणि मुळात कमी झालंय ते लोह. एका पिशवीनं हिमोग्लोबिन साधारण एक ग्रॅमनं वाढतं, दोन पिशव्यांवर ७ च्या आसपास आलं आणि तिथं थांबले. पुढचं काम शिरेतून लोह देऊन केलं, १००० मिलीग्रॅम डिस्चार्जच्या आधी, ५०० नंतर.

दुसरा मुद्दा प्लेटलेटचा. ७ लाख प्लेटलेट लोहामुळं आहेत का मज्जेचाच आजार आहे, यासाठी एक जनुकीय तपासणी असते, महाग. न्यूरोलॉजिस्ट म्हणाले थांबू, लोह भरू, सहा आठवड्यांनी प्लेटलेट खाली आल्या तर उत्तर मिळालंच. मला हा निर्णय फार आवडला. ज्या घरानं एमआरआयसाठी शेळ्या विकल्या त्यांचे काही हजार नुसतं थांबून वाचले. बी१२ मात्र तपासलं, कमी निघालं, त्याची इंजेक्शनं सुरू केली.

तिसरा, गर्भपिशवीचा. सासूबाई, नणंद, शेजारीण, सगळ्यांचं एकच म्हणणं, पिशवी काढून टाका, कटकट मिटंल. मराठवाड्यात हे किती सहज बोललं जातं ते सगळ्यांना माहिती आहे, २०१९ मध्ये बीडच्या ऊसतोड बायकांच्या पिशव्यांचा विषय विधिमंडळात गाजला आणि सरकारला समिती नेमावी लागली. सोनोग्राफीत पिशवी जाड झालेली, अडेनोमायोसिस. पण मेंदूत ताजी गाठ, रक्त पातळ करायचं औषध चालू, अशात मोठं ऑपरेशन म्हणजे औषध बंद करा आणि परत गाठीचा धोका घ्या. स्त्रीरोगतज्ज्ञांनी पाचव्या आठवड्यात पिशवीत हार्मोनवाली कॉपर-टीसारखी वस्तू बसवली, तिच्यातलं औषध पिशवीतच काम करतं, रक्तात फार थोडं जातं. पहिले तीन महिने अधूनमधून डाग पडत राहिले. त्यावरून सासूबाईंनी मला फोन करून झापलं, "रोजच शिवाशिव, देवाचं करायचं कुणी?" यावर माझ्याकडं उत्तर नव्हतं. मुलीला दिवा लावायला सांगा म्हणालो.

आणि एक गंमत, म्हणजे तेव्हा गंमत नव्हती. घरी जाताना गाठीसाठी असेनोकूमारॉल गोळी दिली, जिचा असर आयएनआर या, रक्त गोठायला किती वेळ लागतो ते सांगणाऱ्या तपासणीवर २ ते ३ मध्ये ठेवावा लागतो. नवीन गोळ्या आहेत ज्यांना ही तपासणी लागत नाही, त्यांचाही विचार झाला, पण खर्च आणि पाळीचा भरवसा नाही म्हणून जुनीच ठरली, रक्त मी काढून लॅबला देणार असं ठरलं. तिसऱ्या आठवड्यात आयएनआर एकदम १.३. गोळ्या चुकल्या का? नाही, डबीत मोजल्या, बरोबर होत्या. मग कळलं, रक्त वाढावं म्हणून घरचे दोन्ही टाइम मेथी आणि पालक खाऊ घालत होते. पालेभाजीतलं के जीवनसत्त्व या गोळीच्या बरोबर उलटं काम करतं. जूनमध्ये "पालेभाज्या खा" सांगणारा मीच होतो, डिस्चार्जनंतर "बेतानं खा, रोज सारख्याच प्रमाणात खा" हे सांगायचं राहून गेलं.

शेवटी काय झालं

बारा दिवस हॉस्पिटलात गेले. फिटची गोळी पुढं बरेच महिने चालली. उजव्या हाताची ताकद हळूहळू आली, पण आली ती कुठं मोजायची तर भाकरीत. पहिल्या महिन्यात त्यांची भाकरी परातीत फिरायचीच नाही, एका कडेला जाड, दुसरीकडं फाटलेली, बोटांना काठ कळत नव्हता. धाकटी जाऊ थापायची आणि ह्या चुलीपुढं बसून भाजायच्या. चौथ्या महिन्यात त्या क्लिनिकला डब्यात दोन ज्वारीच्या भाकरी घेऊन आल्या. न्यूरोलॉजिस्टच्या कागदावर ताकद पाचपैकी पाच लिहिलं होतं, मी मात्र भाकरीचा काठ बघितला. बराचसा गोल होता.

सहा आठवड्यांनी प्लेटलेट ३ लाख १० हजार. तीन महिन्यांनी हिमोग्लोबिन ११.८. सहा महिन्यांनी व्हेनोग्राफीत शीर बरीच मोकळी, पूर्ण नाही. तेव्हा गाठीची गोळी बंद केली. डोकं अजून कधी कधी दुखतं, आणि दुखलं की अख्खं घर घाबरतं.

काय वेगळं करता आलं असतं

जूनमध्येच बरंच काही. हिमोग्लोबिन ६.३ आणि पाळी जोरात, अशा बाईला नुसत्या गोळ्या देऊन पाठवणं कमी पडतं. शिरेतून लोह तेव्हाच दिलं असतं, किंवा निदान पंधरा दिवसांनी फोन केला असता, तर मळमळ कळली असती. मळमळ होत असेल तर गोळी एक दिवसाआड घेऊनही चालते, रात्री झोपताना घेता येते, काळी शी ही औषधाचीच असते, एवढं सांगायला दोन मिनिटं लागली असती. सरकारी लाल गोळी उपकेंद्रात फुकट मिळते, आशाताई दारात आणून देतात, पण ती पोटात जाते का घडवंचीवर राहते हे कोण बघतं?

मेडिकलवाल्याला शिव्या देणं सोपं आहे. पण सणाच्या आधी त्याच गोळ्या मी पण लिहून दिल्यात, कित्येक वर्षं, रक्त न तपासता. आता देत नाही असं नाही म्हणणार, बायकांना सण करायचा असतो आणि नाही म्हटलं तर त्या मेडिकलवरून घेतातच. पण आधी विचारतो: अंगावर जास्त जातं का, आधी गाठ, फिट, अर्धशिशी झाली का, घरात कुणाला. रक्त कमी असेल तर नाहीच. आणि उपवास धरला तरी पाणी सोडू नका हे सांगतो, ते किती जणी ऐकतात देव जाणे.

डोकेदुखीच्या दोन भेटींचं मला सगळ्यात जास्त वाटतं. नवीन डोकेदुखी, रोज वाढणारी, आडवं पडल्यावर जास्त, पहाटे उलटी, आणि पेशंट फिकट बाई, गोळ्या चालू. यातलं एकेक वेगळं असतं तर ठीक होतं, सगळं एकत्र असताना तरी डोळ्याच्या मागचा पडदा तपासायला पाठवायला पाहिजे होतं. तिथं कदाचित सूज दिसली असती आणि फिट यायच्या आधी तीन दिवस मिळाले असते.

मागच्या महिन्यात मंगलताई मोठ्या मुलीला घेऊन आल्या. चौदा वर्षांची, शाळेत दर आठवड्याला निळी गोळी मिळते ती बाकाखाली टाकते असं धाकट्या भावानं सांगून टाकलं होतं, आणि दुपारी पाटीवरची पेन्सिल खाते. रिपोर्ट आला, हिमोग्लोबिन ८.४. मी बोट खाली सरकवलं आणि प्लेटलेटचा आकडा वाचला, ५ लाख ९०. मंगलताई माझ्या आधीच वाकून तोच रकाना बघत होत्या.